खांदा ओढणारी कप्पी

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी आहे. विहिरीवरची नव्हे. मी कधी पाण्याची घागर वर आणली नाही. माझ्या चाकावरून जी दोरी फिरली, तिच्या एका टोकाला माणसाचा बरा हात असे आणि दुसऱ्या टोकाला त्याच माणसाचा दुखरा हात. बऱ्या हाताने खाली ओढायचे, की दुखरा हात वर जायचा. एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. पण या सोप्या कामात मी काही माणसांचे भले केले आणि काही माणसांना फार दुखवले. आता मी थकले आहे. मनात ठेवून फिरण्याची ताकद उरलेली नाही, म्हणून सांगते.

माझा जन्म १९८१ साली ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सीताराम नावाचे कारागीर तिथे लाकूड कातून पाळण्याचे खूर आणि लाटणी बनवत. एके दिवशी एक बाई कागदावर चित्र काढून घेऊन आल्या. सीतारामांनी चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "बाई, एवढुशा कप्पीने पाणी काढणार? विहीर कुठे आहे तुमची?"

बाई हसल्या. "विहीर नाही हो. माणसांच्या खांद्यांसाठी हवी आहे. व्यायामाला."

सीतारामांनी चित्र खाली ठेवले. मग म्हणाले, "माणसासाठी आहे तर कुरकुरता कामा नये." एका दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा त्यांनी काढला आणि माझे चाक कातले. मधोमध लोखंडी कणा बसवला, दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या. मी तयार झाले होते, तरी त्यांनी पुन्हा एकदा मला पॉलिशपेपरने घासले. माणसासाठी आपण आहोत, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

त्या बाई म्हणजे मीराबाई दात्ये. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. हा शब्द तेव्हा ठाण्यात फारसे कुणाला उच्चारताही येत नसे. लोक त्यांना 'व्यायामाच्या बाई' म्हणत. नौपाड्यात तळमजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे क्लिनिक होते. एका खोलीत शेक देण्याची पेटी, दुसऱ्या खोलीत भिंतीवर फिरवायचे मोठे चाक, बोटांनी चढायची लाकडी शिडी आणि छताच्या हुकाला मी. माझ्याखाली एक स्टूल. पेशंट त्यावर बसे, दोरीच्या टोकांच्या दोन्ही लाकडी मुठी धरे, आणि बाई मोठ्या आवाजात मोजायला लागत. "एक... दोन... तीन..." वीस झाले की म्हणत, "अजून दहा. आपल्याला बरं व्हायचंय ना?"

बाई कडक होत्या, पण मनाने चांगल्या होत्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांच्यावर रागवाल.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. बाबुराव नावाचे निवृत्त शाळामास्तर आले होते. त्यांचा खांदा आखडला होता. फळ्याच्या वरच्या कडेला जन्मभर पोहोचलेला हात आता कानापर्यंतही जाईना. तीन महिने ते रोज सकाळी येऊन माझ्याखाली बसले. पहिले काही दिवस ते दात आवळून दोरी ओढत. मग हात बोटाबोटाने वर सरकू लागला. एक दिवस त्यांनी उठून खुंटीवरची आपली टोपी उजव्या हाताने काढली, डोक्यावर घातली आणि मला नमस्कार केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून बाईंचा माझ्यावर पक्का विश्वास बसला. कुणाचाही खांदा दुखू दे, "कप्पीवर बसवा" हे ठरलेलेच.

पण मित्रांनो, सगळे खांदे सारखे नसतात. हे मला बाईंच्या आधी कळले.

अर्धांगवायू झालेले पेशंट येत. एका बाजूचा हात आणि पाय लुळा पडलेला. त्यांची बोटे मुठीवर धरत नसत, म्हणून बाई त्यांचा हात कापडी पट्टीने मुठीला बांधत. ते बऱ्या हाताने ओढत आणि लुळा हात वर चढे. बाबुरावांचा हात वर येताना दोरीत एक ताण असे, जणू आतून कुणीतरी विरोध करत असे आणि मग हळूहळू ऐकत असे. या माणसांच्या हातात तसे काहीच नव्हते. ओल्या कपड्याचे पिळे उचलावे तसा तो हात वर येई, आणि ठरावीक उंचीवर आत कुठेतरी काहीतरी अडके. खटकन. तो खटका दोरीतून माझ्या चाकात उतरे. माझ्याशिवाय तो कुणाला ऐकू येत नसे.

माजिवड्याच्या सखुबाई त्या खटक्याला ओरडत. बाई म्हणत, "सखुबाई, नाटक नको. थोडं दुखणारच." महिनाभराने सखुबाई यायच्या बंद झाल्या. बाई म्हणाल्या, "घरचे आणत नसतील." दुसरे एक गृहस्थ आले, तेही असेच थांबले. लोकांना चिकाटीच नाही, असे बाईंना वाटे. मला मात्र तो खटका आठवत राही. पण मी कप्पी. दोरी फिरली की मी फिरायचे.

१९८९च्या मे महिन्यात सगुणाबाई आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्याचे नाव गुणाजी. खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांचे घर. गुणाजींची स्वतःची होडी होती, आणि सगुणाबाई बाजारात मासळी विकत. गुणाजी बावन्न वर्षांचे, रुंद छातीचे, काळ्या कातळासारखे. पण उजवा हात अंगाला लोंबत होता आणि उजवा पाय फरफटत होता.

"डाक्टरीणबाय," सगुणाबाई म्हणाल्या, "दोन महिने झाले, ह्यांच्या अंगावरून वारा गेला. पाय थोडा उचलतात आता. हात नाय उचलत. नि बोलता पन येत नाय. एकच शबुद राहिलाय तोंडात."

"कोणता?"

सगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. गुणाजी म्हणाले, "चल."

"बस, येवढाच. पानी पायजे तरी चल, भूक लागली तरी चल. होडीवर दिवसभर हाच शबुद असायचा तोंडात, तोच राहिला."

बाईंना ते शुभ वाटले. "बघा, शब्दसुद्धा कसा छान राहिला आहे! चला तर मग."

गुणाजी स्टुलावर बसले. मान वर करून त्यांनी मला पाहिले आणि त्यांचे डोळे उजळले. शीड चढवायला त्यांच्या होडीवरही कप्पीच होती. जन्मभर दोरीने त्यांचे ऐकले होते. त्यांनी डाव्या हाताने अशा जोराने दोरी खेचली, की उजवा हात एका झटक्यात डोक्यावर गेला. तो खटका मला इतका मोठा ऐकू आला, की वाटले, माझाच कणा तुटला.

गुणाजींचा चेहरा पांढरा पडला. ते ओरडले. पण ओरडले काय? "चल! चल! चल!"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "बघा, त्यांनाच किती उत्साह आहे! दोन... तीन..."

मित्रांनो, मला त्या वेळी जीभ असती तर किती बरे झाले असते. पण त्या खोलीत ज्यांना खरे ठाऊक होते त्या दोघांनाही बोलता येत नव्हते. एक मी आणि एक गुणाजी.

जूनच्या अखेरीला कोळीवाड्याच्या गल्लीत पाणी साचू लागले. रिक्षा आत जाईना. सगुणाबाई म्हणाल्या, "आता कसं आनू ह्यांना?" बाईंनी विचार केला आणि मलाच हुकावरून काढले. "घरी न्या ही. तुळईला बांधा. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. खंड पडता कामा नये." आपली कप्पी कुणाला उसनी द्यावी इतका जीव बाई आपल्या पेशंटना लावत. म्हणून तर मला आजही त्यांच्यावर रागावता येत नाही.

अशी मी गुणाजींच्या घरी आले. सुकवलेल्या बोंबलांचा वास, कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग, दारातून दिसणारी खाडी. सगुणाबाई पहाटे उठून मासळी घ्यायला जात, परत येऊन नवऱ्याला आंघोळ घालत, आणि बाजाराला जाण्याआधी त्यांना माझ्याखाली बसवत. संध्याकाळी पाय दुखत असले, तरी पाटी खाली ठेवताच आधी दोरी. शेजारणी म्हणत, "सगुणे, थोडी बस तरी." त्या म्हणत, "ह्यांचा हात वर गेला का मग बसेन."

पहिल्या आठवड्यात गुणाजींनी मन लावून ओढले. दुसऱ्या आठवड्यात ते दोरी बघताच मान फिरवू लागले. मग सगुणाबाई त्यांचा डावा हात आपल्या हातात धरून ओढू लागल्या.

"चल, चल," गुणाजी म्हणत. डोळ्यांतून पाणी वाहत असे.

"हां, चाललंय, चाललंय," सगुणाबाई म्हणत. "अजून दहा."

उजव्या हाताचा पंजा सुजला. बोटे तुकतुकीत आणि लाल झाली. खांद्याला नुसते कापड लागले तरी ते दचकत. झोपेत कूस बदलता येईना. सगुणाबाईंना वाटले, व्यायाम कमी पडतो आहे. त्यांनी तीसचे चाळीस केले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सगुणाबाई पाणी भरायला गेल्या होत्या. गुणाजी भिंतीला धरून उठले. फळीवरचा मासे कापायचा कोयता त्यांनी डाव्या हातात घेतला. माझ्याखाली येऊन ते बराच वेळ उभे राहिले, एका पायावर डोलत. मग त्यांनी दोरी कापली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती तुटली. दोन्ही मुठी जमिनीवर आदळल्या.

सगुणाबाई हंडा घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी कोयता पाहिला, मग दोरी.

"हे काय केलंत?" त्या म्हणाल्या. "दोरी कापलीत? बरं व्हायचंच नाय का तुमाला? मी येवढी मरते, ते कुनासाठी?"

"चल," गुणाजी म्हणाले. "चल. चल." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

सगुणाबाईंनी हंडा तिथेच ठेवला आणि त्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या बाजाराला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला तुळईवरून सोडवून माळ्यावर टाकले. पुढे कधीतरी सगुणाबाईंनी बाईंना निरोप पाठवला, की ते व्यायामाला नाही म्हणतात. बाईंचा उलट निरोप आला, "इच्छाच नसेल तर कुणी काय करणार?"

माळ्यावर मी सहा महिने पडून होते. खाली घर गप्प झाले होते. गुणाजी दिवसभर भिंतीला टेकून बसत, उजवा हात मांडीवर धरून. सगुणाबाई त्यांना उठवताना काखेत हात घालून ओढत आणि ते कळवळत. मग दोघेही एकमेकांकडे बघत नसत. मला वाटे, हे दुखणे मी आणले.

१९९०च्या फेब्रुवारीत एक तरुण दारात आला. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. "मी चंद्रकांत साळवे," तो म्हणाला. "दात्येबाईंच्या क्लिनिकमध्ये नवीन लागलोय. बाईंनी त्यांची कप्पी परत आणायला सांगितलंय."

चंद्रकांत कल्याणचा. मुंबईला फिजिओथेरपी शिकून नुकताच बाहेर पडला होता. त्याची आई भीमाबाई कल्याणच्या एका शाळेत शिपाई होती. तिला शाळेत सगळे ऐकू येई, पण तिला कुणी काही विचारत नसे, असे तो पुढे एकदा म्हणाला होता. घरी त्याला चंदू म्हणत. थोड्याच दिवसांत सगुणाबाईही चंदू म्हणू लागल्या.

"घेऊन जा बाबा," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला माळ्यावरून काढून त्याच्या हातात दिले. चंदूने तुटलेली दोरी पाहिली. चिरलेली टोके पाहिली.

"ही कापलीय कुणी?"

सगुणाबाईंनी भिंतीकडे बोट केले.

चंदूने मला खाली ठेवले. तो जाऊन गुणाजींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने आधी नुसता त्यांचा उजवा हात पाहिला. मग विचारले, "भाऊ, खांद्याला हात लावू का?"

"चल," गुणाजी म्हणाले.

चंदूने हात पुढे केला, आणि तो थांबला. गुणाजींचे खांदे मागे सरले होते. तोंड एक म्हणत होते आणि अंग दुसरेच. चंदूने आपला हात मागे घेतला आणि गुणाजींच्या डाव्या हातात दिला.

"असं करू या. तुम्ही बोलू नका. दुखत असेल तर माझा हात दाबा. नसेल दुखत तर सोडा. कळलं?"

डाव्या हाताने चंदूचा हात हलकेच सोडला, आणि पुन्हा धरला. कळले होते.

"बसल्या जागी दुखतं?" हात दाबला गेला. "मावशी उठवतात तेव्हा?" दाबला गेला. मग चंदूने मला उचलून त्यांच्यासमोर धरले. "आणि ह्या दोरीने? दोरीने दुखायचं?"

गुणाजींनी चंदूचा हात इतका आवळला, की त्याची बोटे पांढरी पडली. ते सोडीनात. तोंडातून आवाज नव्हता. नुसते डोळे वाहत होते.

"चल म्हनायचे ना पन!" सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "मी ओढायची तवा चल चल म्हनायचे!"

"मावशी, त्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही," चंदू म्हणाला. "थांब म्हणायचं असेल तरी तोंडातून चलच येणार."

सगुणाबाईंनी कापलेल्या दोरीकडे पाहिले. "म्हंजे मीच? दोन टाइम मीच छळलं ह्यांना?"

"तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही केलंत."

"सांगनारी शिकलेली व्हती रे," त्या म्हणाल्या. 

चंदूने गुणाजींच्या सदऱ्याचे बटण काढून सगुणाबाईंना खांदा दाखवला. खांद्याच्या हाडाखाली खळगा पडला होता. त्यात एक बोट सहज बसत होते. "खांदा स्नायूंनी धरलेला असतो," तो म्हणाला. "ते झोपलेत, म्हणून हात वजनाने खाली उतरलाय. अशा वेळी दोरीने तो वर खेचला, की आतली नाजूक शीर हाडांच्या मधे चेमटते. दार लावताना बोट सापडावं तशी." मित्रांनो, माझ्या चाकात उतरणाऱ्या त्या खटक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आठ वर्षांनी.

चंदूने त्या दिवशी फारसे काही केले नाही. गोधडीची घडी करून गुणाजींच्या कोपराखाली ठेवली, म्हणजे हाताचे ओझे खांद्यावर पडणार नाही. काखेत हात घालून कधीच उठवायचे नाही, असे सांगून कमरेला धरून कसे उठवायचे ते सगुणाबाईंकडून चार वेळा करून घेतले. मग मला पिशवीत घालून तो निघाला.

क्लिनिकमध्ये बाई त्याची वाट बघत होत्या. चंदूने मला टेबलावर ठेवले आणि सगळे सांगितले. बाई ताठ बसल्या.

"दोरी चुकीची? चंद्रकांत, तुम्हाला इथे लागून तीन आठवडे झालेत. बाबुराव मास्तर ह्याच दोरीने बरे झाले."

"बाई, मास्तरांचा खांदा आखडला होता. त्यांचे स्नायू जागे होते. त्यांना कप्पी योग्यच होती. गुणाजीभाऊंचा खांदा लटकलाय. दोन्ही दुखतात, पण दुखणं एक नाही."

"दुखल्याशिवाय सांधा मोकळा होत नाही."

"लुळा सांधा दुखवून मोकळा होत नाही, बाई. अजून घट्ट होतो. त्यांचा झालाय. तुम्ही एकदा येऊन बघा."

"मी खूप बघितलंय," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चंदूशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिक रिकामे असताना त्यांनी कपाटातले जुने केसपेपर काढले. अर्धांगाच्या पेशंटचे तेवढे वेगळे केले. ते टेबलावर पसरून त्या उभ्या राहिल्या. अकरा होते. त्यांपैकी सात जण मध्येच यायचे थांबले होते. चिकाटी नाही, घरचे आणत नाहीत, इच्छा नाही, असे बाईंच्याच अक्षरात खाली लिहिलेले होते. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुन्हा घातला नाही.

मग त्या एकेकाच्या घरी जाऊ लागल्या. चंदूने सोबत येतो म्हटले, तर म्हणाल्या, "नको. हे माझं आहे." दोन पेशंट वारले होते. एकाचे कुटुंब गावी गेले होते. माजिवड्याच्या सखुबाई भेटल्या. परत आल्यावर बाईंनी चंदूला तेवढे एकच सांगितले. "सखुबाई म्हणाल्या, मी ओरडत होते तेव्हा तुम्ही मला नाटकी म्हणालात. आणि त्यांनी दार लावून घेतलं. बरोबर केलं."

गुणाजींकडे त्या सगळ्यांत शेवटी गेल्या. तिथे काय झाले हे मला सगुणाबाईंच्या तोंडून समजले. बाई पाटावर बसल्या नाहीत, जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, चुकलं माझं. मी तुमचा शब्द ऐकला, तोंडाकडे बघितलं नाही." गुणाजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चल." त्या वेळी त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे सगुणाबाईंनाही सांगता आले नाही. पण पुढच्या सोमवारी गुणाजी क्लिनिकमध्ये आले.

त्यानंतरचे काम फार सावकाश चालले. मी हुकाला लटकून ते पाहत असे. दोरी नसलेली नुसती कप्पी. चंदू गुणाजींना टेबलाशी बसवी. टेबलावर रुमाल पसरी, रुमालावर त्यांचे दोन्ही हात ठेवी, आणि गुणाजी पुढे वाकून तो रुमाल इंच दोन इंच सरकवत. डावा हात रुमालावर गुंतलेला, चंदूचा हात दाबायला मोकळा नसे, म्हणून समोर बाई बसत. त्या आता मोजत नव्हत्या. त्यांचे डोळे गुणाजींच्या भुवयांवर असत. भुवई जराशी आवळली, की त्या म्हणत, "थांबा." एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण 'थांबा' फार हळू म्हणत. कधी चंदू पाठीवरचे खांद्याचे पाते तळहाताने धरून हलकेच वर सरकवी. पाहणाऱ्याला वाटावे, हे काही करतच नाहीत.

महिन्याने पंजाची सूज उतरली. मे महिन्यात सगुणाबाई आल्या आल्या म्हणाल्या, "चंदू, रात्रभर झोपले रे. कुशीवर." आणि तोंडाला पदर लावून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पावसाळा सरता सरता गुणाजींचा हात न दुखता छातीपर्यंत उचलला जाऊ लागला. त्याच्यावर गेला नाही. पुढेही कधी गेला नाही. मला हेही सांगितले पाहिजे. चंदू म्हणे, आजाराच्या पहिल्या सहा महिन्यांत नीट झाले असते तर कदाचित अजून वर गेला असता. त्यांतले तीन महिने माझ्या दोरीने खाल्ले होते.

बाईंनी मला काढून टाकायचे ठरवले होते. चंदूच म्हणाला, "कशाला? बाबुरावांसारखे पेशंट येतातच की. दोरी तेवढी बदलू." हे ऐकून गुणाजींनी हात पुढे केला. सगुणाबाई म्हणाल्या, "त्यांना द्या. दोरीचं काम आहे." टोके विणून मुठी बसवायला नवी सुती दोरी गुणाजींनी घरी नेली. मांडीवर उजव्या पंजाचे वजन ठेवून दोरी दाबून धरायची आणि डाव्या हाताने पीळ विणायचा. तीन दिवस लागले. पूर्वी हेच काम ते बोलता बोलता करत, असे सगुणाबाई म्हणाल्या. विणलेला भाग थोडा वाकडा होता. बाईंनी ती दोरी माझ्या चाकावर चढवली आणि शेजारच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'अर्धांगाच्या पेशंटने ही दोरी ओढू नये.'

बाई दमल्या होत्या. १९९६ साली त्यांनी क्लिनिक बंद केले आणि सामान चंदूला दिले. त्याने डोंबिवलीला, स्टेशनपासून थोडे आत, गाळा घेतला. तिथे चकचकीत स्टीलची यंत्रे आली. माझे चाक आता झिजले आहे, कणा सैल झाला आहे. गेली दोन वर्षे मी कपाटाच्या खालच्या खणात पडून असते. कधीतरी दार उघडे राहिले, की बाहेरचे दिसते.

परवा केशरबाई नावाच्या आजी आल्या होत्या. अर्धांग होऊन बारा दिवस झालेले. त्यांचा मुलगा घाईत होता, रजा संपत आली होती. "डॉक्टर, ती दोरी वगैरे असते ना, ती लावा. लवकर हात वर गेला पाहिजे," तो म्हणाला, आणि आईला खुर्चीतून उठवायला त्याने तिच्या काखेत हात घातला. आजी हसल्या. मुलाला वाईट वाटू नये म्हणून हसल्या. चंदू टेबलामागून धावत आला. "थांबा," तो म्हणाला. "त्यांचा खांदा सोडा आधी." मग तो आजींच्या समोर खाली बसला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला असे झाले, तर त्यांचा हात ओढू नका. काखेत धरून उचलू नका. त्या हाताखाली उशी द्या, आणि जाणकाराला लवकर बोलवा. आणि ते तुमच्यासाठी हसतील, चल म्हणतील, काही नाही म्हणतील, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघा. मला बोलता येत नव्हते, तरी मला कळत होते. मला थांबता मात्र येत नव्हते. तुम्हाला थांबता येते.